‘मी अशी का दिसते?’ मुलं विचारतात तेव्हा काय करावं

आठवीतली मुलगी डब्यातली पोळी तशीच परत आणते आणि आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते. अकरावीतला मुलगा जिममधून आला की दंडाचे फोटो काढतो आणि पावडरच्या डब्यासाठी पैसे मागतो. कॉलेजला जाणारी भाची मैत्रिणीने सुचवलेलं क्रीम दोन महिने लावते आणि चेहरा लालबुंद झाल्यावरच घरी सांगते. अशा वेळी पालकांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. हे वयाचं खूळ आहे की आजार? रागवावं, समजूत घालावी की दुर्लक्ष करावं? मोबाइल काढून घ्यावा का? डॉक्टरकडे जायचं तर कोणत्या?

या प्रश्नांची उत्तरं इथे क्रमाने दिली आहेत. त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. स्वतःच्या शरीराची लाज घेऊन कोणतंही मूल जन्माला येत नाही. ती त्याला आजूबाजूच्या माणसांकडून आणि चित्रांकडून मिळते. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर भरलेल्या अंगाला मान होता. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधक डॉक्टरांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. तीन वर्षांनी असं करणाऱ्या मुलींचं प्रमाण ११ टक्क्यांवर गेलं होतं. आपल्या मुलांच्या हातात तर दिवसभर मोबाइल असतो. म्हणून मुलाला बदलायला जाण्याआधी त्याच्या कानावर काय पडतं आणि डोळ्यांसमोर काय येतं, ते बदला.

१. आधी वाढ आणि आजार यांतला फरक ओळखा

वयात येताना शरीर वेडंवाकडं वाढतं. ही माहिती वेळेवर मिळाली तर बरीच भीती तिथेच संपते. मुलांना पुढच्या गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा:

- मुलींचं वजन: पाळी सुरू होण्याच्या सुमारास कंबर, मांड्या, नितंब भरतात. हा निसर्गक्रम आहे. नेमक्या याच वयात ‘सुटायला लागलीस’ असं ऐकलं की मुली जेवण तोडतात.
- मुलांची उंची: मुलांची उंची मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं उशिरा झेप घेते. सातवी-आठवीतला मुलगा वर्गातल्या मुलींपेक्षा बुटका दिसला तर बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं.
- मुलांची छाती: वयात येणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना छातीवर गाठ किंवा उभार जाणवतो. सहा महिने ते दोन वर्षांत तो बहुतेकांचा आपोआप ओसरतो. हे ठाऊक नसल्याने मुलं पोहायला जाणं बंद करतात, शर्टाखाली दोन-दोन बनियन घालतात, पण कोणाला सांगत नाहीत.
- मुरूम: हे संप्रेरकांमुळे येतात, अस्वच्छतेमुळे नाही. खुणा राहू लागल्या तर औषध आहे.

वजन-उंचीबद्दल शंका असेल तर इंटरनेटवरचं प्रौढांचं बीएमआय गणित मुलांना लावू नका. ५ ते १८ वयोगटातल्या भारतीय मुलांसाठी वाढीचे स्वतंत्र तक्ते आहेत. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने ते २०१५ मध्ये सुधारून प्रसिद्ध केले. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना मुलाची नोंद त्या तक्त्यावर करून दाखवायला सांगा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा वर्षभराची रेषा जास्त सांगते.

२. घरातली वाक्यं तपासा

मुलं पहिला शेरा बहुतेक घरातच ऐकतात, तोही प्रेमाच्या माणसांकडून. पुढची वाक्यं आजपासून बंद करा:

- ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील.’
- ‘पुरे आता, किती खाशील? तिसरी पोळी?’
- ‘ताईसारखा रंग हिला मिळाला असता तर!’
- ‘काडीपैलवान! अंगाला काही लागतच नाही.’
- ‘रंग सावळा आहे, पण नाकीडोळी छान आहे.’ यातला ‘पण’ मुलीला आयुष्यभर आठवतो.

स्वतःबद्दलचं बोलणंही सांभाळा. आई रोज आरशात बघून ‘किती अवतार झालाय माझा’ म्हणत असेल, बाबा टक्कल लपवायला धडपडत असतील, तर मुलं तेच शिकतात.

मूल ‘मी जाड आहे’ म्हणालं तर लगेच ‘छे, कुठे जाड?’ म्हणू नका. त्याने बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी ‘असं कधीपासून वाटतंय? कोणी काही म्हणालं का?’ असं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. उपदेश त्याच दिवशी करायची गरज नसते.

नातेवाईक सर्वांसमोर बोलले तर तिथल्या तिथे, शांतपणे मुलाची बाजू घ्या. ‘मावशी, तब्येतीवर आम्ही बोलत नाही. तिचं कथक कसं चाललंय ते विचार ना.’ एवढं पुरतं. नंतर एकट्या मुलीला ‘मनावर घेऊ नकोस’ सांगण्यापेक्षा त्या क्षणी बोलण्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

वजन खरोखर कमी करायचं असेल तर ते एका मुलाचं काम समजू नका. घरातलं तेल, साखर, बेकरीचे पदार्थ आणि रात्री उशिराचं जेवण सगळ्यांसाठी बदला. संध्याकाळी सगळे मिळून चालायला किंवा खेळायला जा. एकाच्या ताटाकडे बोट दाखवलं की ते मूल लपून खायला लागतं.

लग्नाच्या वयाच्या मुला-मुलींचा बायोडेटा करताना ‘वर्ण’ हा रकाना काढून टाका. तो भरण्याची सक्ती कोणाचीच नाही. मोठ्या विवाहसंकेतस्थळांपैकी शादी डॉट कॉमने २०२० मध्ये लोकांच्या मागणीनंतर वर्णानुसार स्थळं निवडण्याची सोय काढून टाकली. आपल्या घरातल्या कागदावर तो रकाना ठेवायचं आता कारण नाही.

३. मोबाइलवर काय येतं, ते हातात घ्या

मोबाइल जप्त केल्याने प्रश्न सुटत नाही, मूल मित्राच्या फोनवर तेच बघतं. पण बघण्याचं प्रमाण आणि प्रकार बदलता येतो. इन्स्टाग्रामच्या कंपनीतले अंतर्गत कागद २०२१ मध्ये बाहेर आले. आधीच शरीराबद्दल वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी, इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं, असं सांगितल्याची नोंद त्यांत होती. याउलट कॅनडातला २०२३ चा एक अभ्यास दिलासा देतो. मनाने अस्वस्थ असलेल्या १७ ते २५ वयोगटातल्या तरुणांनी सोशल मीडियाचा वापर दिवसाला सुमारे एका तासावर आणला, तेव्हा अवघ्या तीन आठवड्यांत स्वतःच्या दिसण्याबद्दलचं त्यांचं मत सुधारलं.

मुलासोबत बसून एवढं करा:

1. यादी साफ करा. जे अकाउंट बघून झाल्यावर स्वतःबद्दल वाईट वाटतं, ते अनफॉलो किंवा म्यूट करा. निवड मुलाला करू द्या.
2. नको ते कळवा. वजन घटवणं, ‘ग्लो-अप’, ‘बॉडी ट्रान्सफॉर्मेशन’ अशा रील्सवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबत राहा. थांबून बघितलं की तसंच आणखी येत राहतं.
3. वेळेची मर्यादा लावा. ती घरातल्या मोठ्यांनाही लागू असू द्या. झोपताना सगळे फोन बैठकीच्या खोलीत ठेवा.
4. टीन अकाउंट तपासा. मुलाने खरं जन्मवर्ष दिलं असेल तर इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालील मुलांना जास्त संरक्षण देणारी रचना आपोआप लागू होते. १६ वर्षांखालच्या मुलांना ती सैल करायला पालकांची परवानगी लागते. खोटं वय टाकलेलं असेल तर हे संरक्षण मिळेलच असं नाही.
5. फिल्टर समजावून सांगा. एकच फोटो फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय शेजारी ठेवा. प्रकाश, कोन, फोटोपूर्वी केलेला व्यायाम आणि नंतरची सफाई यांमुळे माणूस किती बदलतो, ते मुलाला स्वतः करून बघू द्या.

लग्नाचे किंवा वाढदिवसाचे फोटो काढून घेताना छायाचित्रकाराला आधीच सांगा: रंग उजळ करू नका, चेहरा गुळगुळीत करू नका. अनेक ठिकाणी हे न विचारता केलं जातं आणि मुलीला मिळणाऱ्या अल्बममध्ये तिचा स्वतःचा रंगच उरत नाही.

४. गोरं करणारी क्रीम: इथे धोका खरा आहे

‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आलं आणि २०२० मध्ये त्याचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. बाजारात आता ‘गोरेपणा’ हा शब्द मागे पडून ‘ग्लो’, ‘ब्राइट’, ‘टॅन रिमूव्हल’ असे शब्द आले आहेत. त्वचेचा मूळ रंग मेलॅनिनवर ठरतो आणि तो जन्मजात असतो. कोणतंही क्रीम तो कायमचा बदलत नाही. झटपट फरक दिसला तर आनंद मानू नका, आत काय आहे याचा संशय घ्या. दोन घटक विशेष घातक आहेत:

- स्टिरॉइड: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर शोधा. ही औषधं आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावायची नाहीत. त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरूम आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की आग होते. मूल असं क्रीम बरेच दिवस लावत असेल तर एकदम बंद न करता ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.
- पारा: सुटं विकलं जाणारं, लेबल नसलेलं, ब्यूटी पार्लरमध्ये डबीत भरून दिलेलं किंवा परदेशातून आल्याचं सांगितलेलं क्रीम टाळा, त्यात पारा असू शकतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा उलगडा झाला. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही २०२१ ते २०२३ दरम्यान असे रुग्ण नोंदवले. पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस अशी लक्षणं दिसली तर क्रीम लगेच थांबवा, लघवीची तपासणी करा आणि क्रीमबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा.

क्रीम घ्यायचंच असेल तर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, बॅच क्रमांक, मुदत आणि पक्कं बिल बघून घ्या. शाळकरी त्वचेला साधा साबण, लागलं तर मॉइश्चरायझर आणि उन्हात सनस्क्रीन पुरेसं असतं.

५. जिम, पावडर आणि इंजेक्शन

मुलींच्या डाएटकडे घराचं लक्ष जातं, मुलांच्या ‘बॉडी’कडे कौतुकाने बघितलं जातं. म्हणून मुलांचा त्रास उशिरा कळतो. व्यायाम चांगलाच आहे, पण या तीन गोष्टींत फरक करा:

- प्रोटीन पावडर: बहुतेक मुलांना लागत नाही. निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण पाऊण ते एक ग्रॅम प्रथिनं पुरतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, मासे यांतून उरलेली गरज भागते. तरीही घ्यायची असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक बघा आणि आधी डॉक्टरांना विचारा. जिममध्ये सुटी मिळणारी पावडर घेऊ नका.
- स्टिरॉइडचा ‘कोर्स’: वाढत्या वयात घेतल्यास हाडांची वाढ लवकर थांबते आणि उंची खुंटते. अंडकोष आकसतात, छातीला उभार येतो, यकृत आणि हृदय बिघडतं, चिडचिड वाढते.
- मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन: हे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वाढवायचं औषध आहे. जोर यावा म्हणून जिममध्ये जाणाऱ्या तरुणांना ते विकलं जातं. पुण्यासह राज्यात पोलिसांनी असे साठे पकडले आहेत. हृदयाचे ठोके बेताल होऊन यात जीव जाऊ शकतो.

खोलीत सिरिंज, बिनलेबलच्या कुप्या दिसल्या, दंडावर-पाठीवर अचानक मोठे मुरूम आले, काही आठवड्यांत अंग फुगलं, तर विचारा. मुलाला आरोपी करू नका. काय घेतलं, किती, कधीपासून, हे त्याने डॉक्टरांना खरं सांगावं, एवढाच आग्रह धरा. विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा.

६. शाळा-कॉलेजात चिडवलं जात असेल तर

‘मुलं आहेत, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या हातात हे मार्ग आहेत:

- शाळेत: कोण, कधी, काय म्हणालं हे तारखेसह लिहा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ मुलांना शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करतं. शिक्षकच वर्गात ‘ढोल्या’ म्हणून हाक मारत असतील तर तो विनोद ठरत नाही. शाळेने दाद दिली नाही तर शिक्षणाधिकारी आणि महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग यांच्याकडे जाता येतं.
- स्नेहसंमेलनात: गोऱ्या, सडपातळ मुली पुढच्या रांगेत आणि बाकीच्या मागे, अशी मांडणी अनेक शाळांत होते. पालकसभेत हा विषय काढा. रांग उंचीने किंवा नाचाच्या सरावाने ठरावी, असा आग्रह धरा.
- कॉलेजात: विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत वर्ण आणि दिसणं यांवरून होणारा छळही घातला आहे. अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ वर तक्रार करता येते.
- ऑनलाइन: शेरे आणि बदललेले फोटो यांचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, मगच ब्लॉक करा. फोटो अश्लील करून फिरवला असेल तर तो हटवण्याची मागणी संबंधित अ‍ॅपकडे करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

७. जाहिरात खोटी किंवा अपमानकारक वाटली तर

ग्राहक म्हणून तुमच्या बाजूने नियम आहेत:

- जाहिरात क्षेत्राची नियमन संस्था ‘आस्की’ हिच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, गडद रंगाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा लग्न-नोकरीत मागे पडणारी दाखवता येत नाही.
- केंद्र सरकारच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या नियमांनुसार, मुलांसाठीच्या जाहिरातीने त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल वाईट प्रतिमा तयार करता कामा नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.
- औषधाने उंची वाढवण्याची, लठ्ठपणा बरा करण्याची किंवा स्तनांचा आकार बदलण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे.
- पैसे घेऊन उत्पादनाची शिफारस करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहायला हवं.

जाहिरातीचा फोटो किंवा लिंक, तारीख आणि बिल जवळ ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा किंवा ‘आस्की’च्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

८. डॉक्टरांकडे कधी, आणि कोणाकडे

यांपैकी काहीही दिसलं तर ‘मोठं झाल्यावर जाईल’ म्हणून थांबू नका:

- वजन झपाट्याने घटतं आहे, चक्कर येते, केस गळतात, सतत थंडी वाजते
- पाळी लागोपाठ तीन महिने आलेली नाही
- जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, उलटीच्या खुणा, रेचकांच्या गोळ्या
- दिवसाचे तास आरशासमोर किंवा चेहरा लपवण्यात जाणं, शाळा-समारंभ टाळणं
- ‘मी नसतेच तर बरं’ अशी भाषा, स्वतःला इजा करणं

शेवटचं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी मदत घ्या, मुलाला एकटं सोडू नका.

सुरुवात बालरोगतज्ज्ञ किंवा घरच्या डॉक्टरांपासून करा. खाण्याच्या सवयी, आरसा आणि उदासी यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतात. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री क्लिनिक’ १० ते १९ वयाच्या मुलांसाठी आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार कंपनीवर बंधनकारक आहे. पॉलिसी काढून वाचा.

९. तरुण वाचकांनो, तुमच्यासाठी

- आज एक विश्वासाचं माणूस निवडा आणि त्याला खरं सांगा. पालकांशी बोलणं अवघड असेल तर शिक्षक, मावशी, मोठा भाऊ चालेल.
- एकाही वेळचं जेवण दिसण्यासाठी सोडू नका. वाढत्या हाडांना आणि मेंदूला ते वेळेवर लागतं.
- मित्राच्या फोटोखाली त्याच्या अंगावर शेरा लिहू नका, कौतुकाचाही नाही. ‘किती बारीक झालीस!’ हे वाक्य आजारी मुलीला आजार चालू ठेवायला सांगतं.
- शरीर काय करू शकतं ते बघा: पोहणं, ट्रेक, कबड्डी, लेझीम, नाच. या गोष्टींसाठी कोणत्याही विशिष्ट रंगाची किंवा मापाची अट नसते.

पालकांनो, यातलं सगळं एकदम जमणार नाही. आज रात्रीच्या जेवणात मुलाच्या ताटाबद्दल आणि रंगाबद्दल एक शब्दही न बोलता त्याचा दिवस कसा गेला ते विचारा. उद्या त्याच्यासोबत बसून मोबाइलवरची यादी बघा. आणि वर दिलेल्या लक्षणांपैकी एक जरी दिसलं, तर या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या; यादीतलं शेवटचं असेल तर त्याच दिवशी. लवकर मदत मिळालेली बहुतेक मुलं यातून सुखरूप बाहेर येतात.